सेल बदलूनही मान टाकणारी चावी : कोथरूडमधील एका जुन्या मोटारीचे प्रकरण

गेल्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कोथरूडमधील एक निवृत्त बँक अधिकारी आपल्या मोटारीच्या दोन चाव्या रुमालात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. मोटार २००४ सालची, एका जर्मन कंपनीची, नात्यातल्या एकांकडून घेतलेली आणि अतिशय निगुतीने सांभाळलेली होती. इंजिनाबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती चावीवरच्या रिमोटबद्दल. रोजच्या चावीचे बटण कधी पहिल्याच दाबाला दार उघडे, कधी दहा वेळा दाबूनही मोटार ढिम्म राही, आणि शेवटी दाराच्या कुलपात चावीचे पाते घालून ते हाताने उघडावे लागे. लोणावळ्याला किंवा मुंबईला जाऊन आले की दोन-तीन दिवस चावी सुतासारखी सरळ चाले आणि चौथ्या दिवशी पुन्हा मान टाके. दुसरी, म्हणजे कपाटात ठेवलेली जादा चावी वर्षभरापूर्वीपर्यंत बरी होती. आता तिचे प्लास्टिक मधोमध किंचित फुगल्यासारखे दिसत होते आणि रिमोट पूर्ण बंद होता. दोन्ही चाव्यांनी मोटार सुरू मात्र नेहमी होत असे. या काकांनी आधी दोन ठिकाणी चौकशी केली होती. एके ठिकाणी सेल गेला असे सांगण्यात आले आणि दुसऱ्या ठिकाणी नवी चावी मागवा असे सांगण्यात आले. त्यावर काकांचे म्हणणे असे, की "माझी पहिली स्कूटर जेवढ्याला आली, त्याहून ही चावी महाग. तुम्ही आधी उघडून तर बघा."

या प्रकरणात मी स्वतः पहिल्या फेरीला चुकलो, आणि ती चूक या धंद्यात सर्रास होणारी असल्यामुळे सगळा तपशील लिहून ठेवण्याजोगा वाटतो.

एका खोक्यातली दोन यंत्रे

रिमोट बंद असूनही मोटार सुरू होते, या गोष्टीचे काकांना नवल वाटत होते, आणि बऱ्याच ग्राहकांना ते वाटते. अशा चावीत दोन वेगळी कामे चालतात. पहिले काम चोरीपासून संरक्षणाचे असते. चावीतील एका लहानशा चिपला इग्निशनच्या कुलपाभोवती बसवलेली तारेची कडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या चुंबकीय क्षेत्रातून क्षणापुरती ऊर्जा देते, त्या ऊर्जेवर चिप आपली ओळख सांगते, आणि ओळख पटली तरच इमोबिलायझर, म्हणजे इंजिन अडवून ठेवणारी यंत्रणा, ते सुरू होऊ देतो. या कामाला चावीतल्या सेलची गरजच पडत नाही. दुसरे काम दार उघडण्या-मिटण्याचे. त्यासाठी चावी रेडिओ संदेश पाठवते आणि तो पाठवायला सेल लागतो. या चावीच्या आतल्या सर्किट बोर्डवर ४३३ असा आकडा छापलेला होता, म्हणजे ती ४३३.९२ मेगाहर्ट्झ या लहरीवर बोलणारी होती. युरोपातील आणि भारतातील बहुतेक मोटारींच्या चाव्या याच लहरीवर चालतात, अमेरिकेत आणि जपानमध्ये प्रामुख्याने ३१५ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर वापरतात.

म्हणून "मोटार सुरू होते का?" हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो. उत्तर होकारार्थी असेल तर चिप शाबूत आहे, आणि नवी चावी मागवण्याचे कारण सहसा उरत नाही.

या पिढीच्या काही जर्मन मोटारींमध्ये आणखी एक गंमत होती. चावीतला सेल फेकून द्यायचा नसून पुन्हा पुन्हा भारित होणारा असे, आणि मोटार चालू असताना इग्निशनच्या त्याच कडीतून तो थोडाथोडा भरला जाई. त्यासाठी व्हीएल२०२० नावाचा सेल वापरत. नावातले आकडे मापाचे आहेत : व्यास २० मिलिमीटर, जाडी २.० मिलिमीटर. आतील रसायन व्हॅनेडियम आणि लिथियमचे, विजेचा दाब ३ व्होल्ट, धारणक्षमता फक्त २० मिलिअँपिअर-तास, आणि भारित करण्याचा दाब ३.४ व्होल्टच्या आसपास. घड्याळजींपासून किराणा दुकानापर्यंत कोठेही मिळणारा सीआर२०३२ हा सेल यापेक्षा जाड असतो आणि त्याची क्षमता २२० मिलिअँपिअर-तासांच्या घरात असते, पण तो एकदाच वापरायचा असतो. दिसायला दोन्ही चपट्या रुपेरी टिकल्याच, आणि तेथेच पुढचे घोटाळे सुरू होतात.

पहिली फेरी

रोजची चावी कारखान्यात कायमची बंद केलेल्या प्रकारातली होती, पण तिच्या शिवणीवरून पूर्वी पाते फिरलेले स्पष्ट दिसत होते. काकांना विचारल्यावर कळले, की आठ-नऊ वर्षांपूर्वी मोटारीच्या आधीच्या मालकांनी सेल बदलून घेतला होता. मी चावी केस वाळवायच्या यंत्राने किंचित गरम करून, पातळ पात्याने शिवण सोडवत उघडली. आत खराच व्हीएल२०२० होता, पट्ट्यांसह सोल्डर केलेला, म्हणजे वितळलेल्या धातूने बोर्डला जोडलेला. काका नुकतेच मुंबईहून आले होते, त्यामुळे सेल भरलेला असायला हवा होता. विजेचा दाब मोजणाऱ्या यंत्राने, म्हणजे मल्टिमीटरने, मोजले तर २.९६ व्होल्ट. आकडा पाहून कोणीही म्हणेल की सेल ठणठणीत आहे.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण या एका आकड्यावर विसंबून फार चाव्या वाया जातात. मल्टिमीटर सेलकडून जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. म्हातारा झालेला सेल रिकामा बसलेला असताना चांगला दाब दाखवतो, पण बटण दाबल्यावर रेडिओला जे दहा-बारा मिलिअँपिअर क्षणभर लागतात ते द्यायची वेळ आली की त्याचा आतला रोध आडवा येतो आणि दाब कोसळतो. म्हणून मी सेलच्या दोन टोकांना एक किलोओहमचा साधा रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडवणारा छोटा भाग, लावून दोन सेकंदांनी पुन्हा दाब पाहतो. तो १.७१ व्होल्टवर आला. म्हणजे रेझिस्टरमधून १.७१ मिलिअँपिअर वाहत असताना सेलने आतल्या आत सव्वा व्होल्ट खाल्ला, म्हणजेच त्याचा अंतर्गत रोध सुमारे ७३० ओहम झाला होता. नव्या सेलवर हीच चाचणी केली तेव्हा दाब ३.०२ वरून २.९३ वर आला. अंतर्गत रोध तीस ओहमच्या आसपास. या रेझिस्टरची किंमत पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात रुपयाच्या आसपास पडते, आणि ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांनी तो पेटीत ठेवावाच.

सेल बदलायला हवा हे सिद्ध झाले होते. पट्ट्या लावलेलाच नवा सेल घेतला, कारण उघड्या सेलवर थेट सोल्डरिंगची सळई टेकवली की उष्णतेने आतला पडदा आणि सील बिघडते, मग तो नवा असून जुना होतो. धन-ऋण टोके तपासून सेल बसवला, माझे सोल्डरचे दोन सांधे पुसून स्वच्छ केले आणि चावी मोटारीला पुन्हा ओळखीची करून दिली.

या ओळख करून देण्याबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. रिमोट दर दाबाला नवा सांकेतिक क्रमांक पाठवतो, म्हणजे हवेतला संदेश चोरून पुन्हा वाजवला तरी दार उघडत नाही. मोटार आणि चावी दोघीही हा क्रम मोजत असतात. खिशात, उशीखाली किंवा नातवाच्या हातात चावी पुष्कळदा दाबली गेली तर चावीची मोजणी पुढे जाते. ठरावीक मर्यादेपर्यंतची तफावत मोटार समजून घेते, त्यापुढे मात्र ती चावीला अनोळखी ठरवते. सेल काही काळ काढला गेल्यावरही काही चाव्यांत हीच अवस्था येते. या मोटारीत चावी पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवून लगेच मागे आणायची, बाहेर काढायची, एक बटण दाबून धरायचे आणि दुसरे तीनदा दाबायचे, की दारे एकदा खटकन मिटून खूण देतात. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी असल्यामुळे आपल्या मोटारीची पुस्तिका पाहूनच हे करावे. सेल चांगला असूनही रिमोट चालत नाही अशा कित्येक चाव्या केवळ एवढ्यावर बऱ्या होतात.

चावी तीस पावलांवरून चालू लागली. काका खूश झाले, मीही झालो. पाचव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला : "अहो, तुमचा नवा सेल जुन्यापेक्षाही लवकर गेला."

हिशेब जमत नव्हता

चावी परत आली तेव्हा नव्या सेलचा दाब मोकळ्या अवस्थेत २.४ व्होल्टवर आला होता आणि रेझिस्टर लावताच तो आणखी खाली गेला. सेल निकृष्ट निघाला असे म्हणून मोकळे होता आले असते. काकांनी स्वतःहून दुसरे कारण पुढे केले, आणि तेच कारण या चाव्यांबद्दल सगळीकडे ऐकू येते : आपले फेरे लहान असतात, कोथरूडहून लक्ष्मी रोड किंवा डेक्कन, फार तर पंधरा-वीस मिनिटे, तेवढ्यात चावी भरत नसणार. लांबच्या प्रवासानंतर चावी बरी चालते या अनुभवाशी ते जुळणारेही होते. मला मात्र आकडे मांडल्याशिवाय ते पटेना.

रिमोटचे एक बटण अर्धा सेकंद दाबले आणि त्या काळात दहा मिलिअँपिअर लागले असे धरले, तर एका दाबाचा खर्च ०.००१४ मिलिअँपिअर-तास होतो. दिवसाला वीस दाब धरले तरी ०.०३ च्या आत. बटण न दाबता नुसते पडून राहताना बोर्ड जे दोन-तीन मायक्रोअँपिअर घेतो त्याचा दिवसाचा खर्च ०.०७. दोन्ही मिळून दिवसाला ०.१ मिलिअँपिअर-तास, म्हणजे आठवड्याला ०.७. आता जमेची बाजू. भारित होण्याचा प्रवाह मुद्दाम फार कमी, अर्धा मिलिअँपिअर, धरला आणि आठवड्यात तीन वेळा जाऊन-येऊन अर्धा तास मोटार चालली असे मानले, तर जमा ०.७५ होते. जमा-खर्च जवळजवळ बरोबरीत सुटतो. आणि काहीच जमा झाले नाही असे मानले तरीही भरलेला २० मिलिअँपिअर-तासांचा सेल दोनशे दिवस पुरला पाहिजे. तो पाच दिवसांत संपला. सेल अर्धवट भरलेला होता असे म्हटले तरी पाच दिवस आणि शंभर दिवस यांतली तफावत लहान फेऱ्यांच्या माथी मारता येणार नाही. कोठेतरी गळती होती.

मी पहिल्या फेरीला सेलची चाचणी केली, पण सेल ज्या बोर्डला जोडलेला होता त्याची केली नाही. मडके रिकामे झाले म्हणून दुसरे मडके ठेवले, पण खाली ओल का आहे ते पाहिले नाही.

बोर्ड किती प्रवाह घेतो ते मोजण्यासाठी पुन्हा तोच एक किलोओहमचा रेझिस्टर कामी आला.  सेल आणि बोर्ड यांच्यामध्ये हा रेझिस्टर ठेवून त्याच्या टोकांमधला दाब मोजणे सोपे. एक किलोओहमवर एक मिलिव्होल्ट म्हणजे बरोबर एक मायक्रोअँपिअर. आकडा यायला हवा होता दोन-तीन, आला १९०. म्हणजे कोणी बटणाला हातही न लावता दिवसाला साडेचार मिलिअँपिअर-तास वाहून जात होते. २० मिलिअँपिअर-तासांचा सेल अशा बोर्डवर साडेचार दिवसांत रिता होतो, आणि फोन आला होता पाचव्या दिवशी.

गळती नेमकी कोठे आहे हे शोधायला महागडे यंत्र लागले नाही. बोर्डवर तोंडाची गरम वाफ सोडली, तर आकडा १९० वरून २६० वर चढला. मग केस वाळवायच्या यंत्राची मंद हवा दिली, तर तो हळूहळू ४० पर्यंत उतरला. ओलीबरोबर चढणारी आणि कोरडेपणाबरोबर उतरणारी गळती ही चिपमधली नसते, ती बोर्डच्या पृष्ठभागावरची असते. भिंगाखाली डिकीच्या बटणाच्या पायांभोवती फिकट हिरवट पांढरा थर दिसला, आणि सेलच्या जुन्या सांध्यांपासून तेथपर्यंत तपकिरी चिकट डाग. आठ-नऊ वर्षांपूर्वी सेल बदलणाऱ्याने सोल्डर नीट धरावे म्हणून लावायची पेस्ट सढळ हाताने वापरली होती आणि पुसली नव्हती. ही पेस्ट कोरड्या हवेत निरुपद्रवी वाटते; हवेतली ओल शोषली, की तिच्यातले क्षार विजेला वाट करून देतात. त्यात कापलेली शिवण नीट न मिटल्यामुळे रेनकोटच्या खिशातल्या पाण्याला आत यायला मोकळी जागा होती. मी पहिल्या वेळी फक्त माझे दोन सांधे पुसले होते, त्यांच्या शेजारचा हा डाग मी पाहिला होता आणि दुर्लक्षिला होता.

आता काकांनी सुरुवातीला सहज सांगितलेल्या एका गोष्टीचा अर्थ लागला. एप्रिल-मे महिन्यांत चावीची तक्रार कधीच नसते, असे ते म्हणाले होते आणि मी ते उन्हाळ्यात लांबचे प्रवास होत असतील म्हणून सोडून दिले होते. पुण्याच्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते, तेव्हा बोर्डही कोरडा असे; जूनमध्ये पाऊस सुरू झाला की गळतीही सुरू होई. दरवर्षी पावसाळाभर सेल तळापर्यंत उपसला जात होता, आणि वारंवार तळ गाठणे या जातीच्या सेलला मानवत नाही. त्याचे आयुष्य दर वेळी थोडेसेच रिकामे होऊन पुन्हा भरण्यावर बेतलेले असते. दहा टक्क्यांपर्यंतच्या उपशाला असे सेल हजारभर वेळा तोंड देतात, पूर्ण उपशाला फार थोड्या वेळा. जुन्या सेलचा ७३० ओहमचा रोध हा केवळ वयाचा परिणाम नव्हता.

सेल काढून बोर्ड आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवला आणि मऊ टूथब्रशने तीन वेळा घासला. एकदा घासून भागत नाही, कारण पहिल्या वेळी डाग विरघळून पातळ होतो आणि सगळीकडे पसरतो. प्रत्येक वेळी नवे अल्कोहोल घ्यावे लागते. नंतर रात्रभर टेबलावरच्या दिव्याच्या उबेत वाळवला. डिकीच्या बटणाचे पाय आतून गंजलेले होते, ते बटण बदलले. सकाळी आकडा ३ मिलिव्होल्टवर होता, आणि वाफ सोडल्यावरही ४ च्या पुढे गेला नाही. सोल्डर केलेल्या बाजूवर बटणे आणि संपर्काच्या जागा सोडून संरक्षक लाखेचा पातळ हात दिला.

खोके मिटवताना काय वापरावे यावर कारागिरांत मतभेद आहेत. पटकन चिकटणाऱ्या गोंदाची वाफ आत पांढरा थर सोडते, आणि पुन्हा उघडायची वेळ आली की प्लास्टिक मोडते. स्नानगृहात वापरतात ते व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तर कधीच वापरू नये. वाळताना ते ॲसेटिक आम्ल सोडते आणि तेच आम्ल तांब्याला खाते. मी वास न येणाऱ्या, म्हणजे न्यूट्रल प्रकारच्या सिलिकॉनची बारीक रेघ देतो.

पाच दिवसांत उपसला गेलेला नवा सेल फेकून देणे जिवावर आले. त्याला ३.४ व्होल्टच्या स्थिर दाबावर, प्रवाह एका मिलिअँपिअरच्या आत राहील असा रेझिस्टर लावून दोन दिवस ठेवले. नंतरच्या चाचणीत दाब २.९८ वरून २.८६ वर आला, म्हणजे अंतर्गत रोध ४२ ओहम. एकदाच तळाला गेल्यामुळे त्याचे फार बिघडले नव्हते. तरीही रोजच्या चावीत मी माझ्या खर्चाने दुसरा कोरा सेल बसवला.

फुगलेली चावी

जादा चावीचा उलगडा उघडताक्षणी झाला. आत सीआर२०१६ होता : ३ व्होल्टचा, १.६ मिलिमीटर जाडीचा, एकदाच वापरायचा सेल. वर्ष-दीड वर्षापूर्वी रस्त्याकडेच्या एका चावीवाल्याने तो बसवून दिला होता. त्याचाही दोष फारसा देता येत नाही. मूळ सेल सहज मिळत नाही, मापाने हा बसतो, दाबही तेवढाच, आणि चावी लगेच चालू लागते. काही महिने तर ती मूळ चावीपेक्षा बरी चालते, कारण सीआर२०१६ ची क्षमता व्हीएल२०२० च्या चौपट असते.

अडचण एवढीच, की ही चावी इग्निशनमध्ये घातली की मोटार या सेललाही भरू पाहते. एकदाच वापरायच्या लिथियम सेलमध्ये उलटा प्रवाह ढकलला तर आत वायू तयार होतो, सेल फुगतो, झिरपतो आणि प्रसंगी फुटतो. काकांनी रोजची चावी दगा देते म्हणून मधले तीन-चार महिने हीच चावी वापरली होती आणि तेवढ्यात सेल घुमटासारखा उचलला गेला होता. बोर्डला इजा पोहोचायच्या आत हे थांबले. तो सेल मी चिकटपट्टीने दोन्ही बाजूंनी झाकून वेगळ्या डब्यात ठेवला आणि मागाहून ई-कचरा संकलनात दिला. घरात तीन वर्षांचा नातू आहे हे कळल्यामुळे काकांना एक गोष्ट तेव्हाच सांगितली : २० मिलिमीटर व्यासाची ही टिकली मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते, आणि सेल वापरून संपलेला असला तरी हा धोका संपत नाही. चावीच्या प्लास्टिकला तडा गेला असेल तर दुरुस्तीची घाई तेवढ्याच कारणासाठी करावी.

याच घरात याच्या बरोबर उलटी चूक होऊ घातली होती. काकांच्या सूनबाईंकडे अलीकडची छोटी मोटार आहे आणि तिच्या रिमोटला सीआर२०३२ लागतो. दरवेळी सेल फेकणे नको म्हणून त्यांनी एलआयआर२०३२ नावाचे भारित होणारे चार सेल आणि त्यांचा चार्जर मागवला होता. हेतू चांगला, पण मी तो सेल बसवू दिला नाही. तो लिथियम-आयन जातीचा असतो, पूर्ण भरल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्ट होतो, आणि ३ व्होल्टसाठी आखलेल्या रिमोटच्या चिपची सहनशक्ती बहुधा ३.६ व्होल्टवर संपते. क्षमता ४० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास, म्हणजे सीआर२०३२ च्या पाचव्या हिश्शाहून कमी. शिवाय मोटारीच्या पॅनेलवर येणारी "चावीचा सेल कमी झाला" ही सूचना ३ व्होल्टच्या सेलच्या उतरणीवर बेतलेली असते. हा सेल जवळजवळ रिकामा होईपर्यंत त्या पातळीच्या वरच राहतो, त्यामुळे सूचना येते ती चावी बंद पडण्याच्या तोंडावर. भारित होणारे सेल तेथेच चांगले, जेथे यंत्र त्यांना भरणारे आणि त्यांच्यासाठी आखलेले आहे.

पार्किंगमध्येच का?

दोन्ही चाव्या दुरुस्त होऊन गेल्यावर आठवड्याने काका पुन्हा आले. या वेळी मोठ्या संकोचाने. चावी बाहेर कोठेही तीस पावलांवरून चालत होती. पाषाणला मुलीकडे, भाजी मंडईपाशी, सगळीकडे. फक्त स्वतःच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मोटारीला हात टेकेपर्यंत जवळ जावे लागे. सूनबाईंच्या मोटारीचीही तेथे तीच गत होती, पण नवी मोटार म्हणून त्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते.

एकाच जागी दोन वेगळ्या चाव्या अडखळतात तेव्हा चाव्या उघडण्यात अर्थ नसतो. मी लॅपटॉप आणि यूएसबीला लागणारा छोटा रेडिओ ग्राहक (रिसीव्हर) घेऊन गेलो. मूळचा टीव्ही पाहण्यासाठी निघालेला हा स्वस्त तुकडा संगणकाच्या पडद्यावर लहरींचा पट दाखवतो. चावी दाबली की ४३३.९२ मेगाहर्ट्झवर क्षणभर उभी रेघ उमटायला हवी आणि एरवी पट मोकळा असायला हवा. येथे मात्र त्याच जागी एक जाड रेघ अखंड उभी होती. लॅपटॉप हातात धरून पार्किंगभर फिरल्यावर ती पाण्याच्या हौदाशेजारी सर्वांत ठळक झाली. सोसायटीने हौदातील पातळी वरच्या पंपाच्या पेटीला कळवण्यासाठी बिनतारी संवेदक बसवला होता. त्याने दर काही मिनिटांनी क्षणभर संदेश पाठवायचा असतो; झाकणातून पावसाचे पाणी आत गेल्यावर तो थांबायचेच विसरला होता. त्या गोंगाटात मोटारीच्या रेडिओला चावीचा क्षीण आवाज ऐकू येत नव्हता. वॉचमनने संवेदकाचा सेल काढला आणि त्याच क्षणी काकांनी जिन्यापासून बटण दाबले. मोटारीचे दिवे लुकलुकले.

सोसायटीने संवेदक बदलून घेतला. तोवर एक-दोन दिवस काका चावी हनुवटीखाली टेकवून दाबत होते. त्याने पल्ला थोडा वाढतो, कारण डोक्यातले पाणी लहरी पसरवायला मदत करते, पण वॉचमनला त्याचे जे कुतूहल वाटले ते मी येथे सांगत नाही.

या लांबलेल्या प्रकरणात खरे म्हणजे तीन दोष एकमेकांवर चढून बसले होते : गळका बोर्ड, चुकीचा सेल आणि पार्किंगमधला गोंगाट. कोणताही एक काढला तरी उरलेल्या दोहोंमुळे चावी "अजून तशीच" वाटत होती, आणि म्हणून प्रत्येक वेळी बोट सेलकडेच जाई.

जादा चावीत काकांच्या संमतीने तो पुन्हा भरलेला सेल बसवला. ती कपाटात पडून राहिली तर वर्षभराच्या आत तिचा सेल पुन्हा तळाला जाईल, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला, पेन्शन जमा झाल्याचे पाहून आले की, चाव्यांची अदलाबदल करायची असे त्यांनी स्वतःच ठरवले. नोव्हेंबरमध्ये मी दोन्ही चाव्या पुन्हा तपासल्या. मोटारीत न घालता आठवडाभर ठेवल्यानंतरही रोजच्या चावीचा पल्ला तीस पावलांचाच होता. जादा चावीचा चार-पाच पावले कमी भरला. तिची शिवण मी मुद्दाम सहज सोडवता येईल अशी ठेवली आहे, आणि कोरा सेल काकांनी आत्ताच आणून माझ्याकडे ठेवला आहे.